माळढोक आणि गिरीपुष्प : एका दुर्मिळ पक्ष्याचा व एका विषारी फुलझाडाचा तुलनात्मक इतिहास

बीजसंज्ञा : माळरान, माळढोक, गिरीपुष्प, गायरान, पडीक जमीन, सामाजिक वनीकरण, पर्यावरणाचा इतिहास

प्रस्तावना

दुर्मिळ प्राणी आणि विषारी वनस्पती यांची तुलना हा विषय वरवर पाहता जीवशास्त्राचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु एखादा प्राणी दुर्मिळ होतो तो काही वर्षांच्या, काही पिढ्यांच्या काळात, आणि एखादी परदेशी वनस्पती आपल्या बांधावर येते तीही कोणाच्या तरी निर्णयाने. दुर्मिळता व प्रसार या दोन्ही घटना काळात घडतात. म्हणून त्या इतिहासाच्या कक्षेत येतात.

सिरसाळा हे बीड जिल्ह्यातील परळी तालुक्याचे गाव. या परिसरातील कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला गिरीपुष्प दाखविले तर तो ते ओळखतो. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या कुंपणाला ते उभे असते. थंडी सरता सरता त्याची पाने झडतात आणि फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. याच मुलाला माळढोकाविषयी विचारले तर फार तर पाठ्यपुस्तकातील चित्र आठवते. हा पक्षी शेजारच्या सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांच्या माळांवर गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत नियमित दिसत होता. जे झाड मेक्सिकोतून आले ते परिचयाचे झाले आणि जो पक्षी येथलाच तो अनोळखी झाला. हे कसे घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाची मांडणी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीने केली आहे. प्रथम पक्ष्याचा, नंतर झाडाचा आणि पुढे दोघांच्या भेटीचा इतिहास मांडून, अखेरीस पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका दुर्मिळ शिशुधानी प्राण्याच्या उदाहरणाशी त्याची तुलना केली आहे.

माळढोक : माळाचा पक्षी

‘माळढोक’ या नावातच त्याचे घर सांगितले आहे. ढोक म्हणजे लांब पायांचा, लांब मानेचा पक्षी; आणि हा ढोक पाणथळीचा नसून माळाचा. नर हुंकारासारखा खोल आवाज काढतो, म्हणून त्याला ‘हूम’ असेही म्हणतात. उंची सुमारे एक मीटर, पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १५ किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो जगातील अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, रानातील बोरे, शेतातील भुईमूग व इतर धान्य हे त्याचे खाद्य. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्याला मोकळे क्षितिज लागते. झाडी दाट झाली की हा पक्षी ती जागा सोडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या पठारावर हा पक्षी विपुल होता, याचा पुरावा शिकाऱ्यांच्या नोंदींतच मिळतो. रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर परिसरात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एकाच माणसाच्या बंदुकीला एवढे पक्षी मिळाले, यावरून त्या काळच्या संख्येची कल्पना येते. या नोंदीसमोर १९६९ मधील एक अंदाज ठेवून पाहावा : धर्मकुमारसिंहजी यांनी त्या वर्षी साऱ्या भारतात सुमारे १२६० माळढोक उरले असल्याचे मांडले होते.

राष्ट्रीय पक्षी निवडण्याचा विचार चालू होता तेव्हा पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचा आग्रह धरला होता. १९६३ साली मोराची निवड झाली. मोर सर्वांच्या ओळखीचा, पुराणांत व देवळांत वावरणारा. बीड जिल्ह्यातही पाटोदा तालुक्यात नायगाव येथे मोरांसाठी अभयारण्य आहे. माळढोकाला असा सांस्कृतिक आधार नव्हता. ज्या प्रदेशात तो राहत होता त्या प्रदेशालाच प्रतिष्ठा नव्हती, हे त्याचे मोठे कारण होय.

‘पडीक’ या शब्दाचा इतिहास

माळाला प्रतिष्ठा का नव्हती, हे समजण्यासाठी महसुलाच्या दप्तराकडे वळावे लागते. १८३५ साली इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड व विंगेट यांच्या जमीन-पाहणीला आरंभ झाला. या पाहणीत मातीच्या गुणावरून जमिनीची प्रत ठरली आणि त्या प्रतीवरून सारा बसला. पुढे निजामाच्या राज्यात, पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांच्या काळात, मराठवाड्याची पाहणीही मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. जी जमीन सारा देत नाही ती ‘पडीक’, शेताचा जो तुकडा पिकत नाही तो ‘पोटखराब’ असे शब्द दप्तरात रूढ झाले.

वास्तविक माळ रिकामा कधीच नव्हता. पवना, मारवेल, कुसळी अशी गवते तेथे वाढत. धनगरांची मेंढरे, गावाची गुरे त्यावर जगत. लांडगा, काळवीट, कोल्हा, चंडोल, माळढोक हे सारे त्याच गवताच्या आधारे राहत. पावसाळ्यात वाढणारे, हिवाळ्यात पिवळे पडणारे आणि उन्हाळ्यात जवळजवळ दिसेनासे होणारे गवत हीच या कोरड्या प्रदेशाची नैसर्गिक संपत्ती होती. परंतु सातबाऱ्याच्या उताऱ्यात गवताला रकाना नव्हता. गायरान ही गावाची सामाईक जमीन म्हणून नोंदली गेली, तरी तीही ‘वापरात आणावयाची जमीन’ म्हणूनच पाहिली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल. गायरानावर भूमिहीनांनीही हक्क सांगितला आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत पडीक जमिनी कसणाऱ्यांना मिळाव्यात ही मागणी अग्रभागी होती. ज्यांच्या नावावर एक गुंठाही नव्हता त्यांना माळ हा जगण्याचा शेवटचा आधार दिसला, यात काही गैर नव्हते. माळाच्या इतिहासात पक्ष्याबरोबर ही माणसेही आहेत. त्यांना वगळून लिहिलेला पर्यावरणाचा इतिहास अपुरा ठरेल.

दुष्काळ आणि अभयारण्य

१९७२ चा दुष्काळ हा महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाडा व सोलापूर-नगर भागाच्या, आधुनिक इतिहासातील एक दुभाजक आहे. रोजगार हमीची कामे त्याच काळात विस्तारली. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम सुरू झाला आणि त्याखाली माळावरील काही तुकडे चराईपासून राखून तेथे गवत व झाडे वाढविण्याचे काम हाती घेण्यात आले.

सोलापूरजवळील नान्नज येथे याच सुमारास माळढोकांचा वावर बी. एस. कुलकर्णी या पक्षिनिरीक्षकांनी लोकांच्या व शासनाच्या नजरेस आणला. राखलेल्या कुरणांत गवत वाढले होते. पक्ष्याला विणीसाठी निवांत जागा मिळाली होती. पुढे १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८४९६ चौरस किलोमीटर होते आणि ते सोलापूर व अहमदनगर या दोन जिल्ह्यांत पसरले होते. गावे, शेते, रस्ते, बाजारपेठा सारे त्या सीमेत आले. प्रत्यक्ष वनखात्याच्या ताब्यातील कुरणे मात्र विखुरलेली व लहान होती. जमिनीच्या व्यवहारांवर आलेल्या बंधनांमुळे शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयी रोष निर्माण झाला. अखेर २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र कमी करून सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले.

दुष्काळाने पक्ष्याला कुरण दिले. परंतु त्याच दुष्काळातून जन्मलेल्या धोरणाने दुसऱ्या एका पाहुण्यालाही आमंत्रण दिले.

गिरीपुष्प : उंदीरमारीचा प्रवास

गिरीपुष्पाचे शास्त्रीय नाव ‘ग्लिरिसिडिया सेपियम’. लॅटिन भाषेत ‘ग्लिस’ म्हणजे उंदरासारखा एक कुरतडणारा प्राणी आणि ‘सिडिया’ हा अंश ‘मारणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. ‘सेपियम’ म्हणजे कुंपणाचे. ‘कुंपणाची उंदीरमारी’ असाच या नावाचा अर्थ होतो. स्पॅनिश भाषेतही त्याला ‘उंदीरमार’ अशा अर्थाचेच नाव आहे. मध्य अमेरिकेत या झाडाची साल किंवा पाने मक्याबरोबर शिजवून, आंबवून उंदरांना घालीत. पानांतील कूमारिन नावाच्या द्रव्यापासून, जीवाणूंच्या क्रियेने, डायकूमारॉल बनते. त्याने रक्त गोठत नाही आणि उंदीर अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. हेच डायकूमारॉल अमेरिकेत कुजलेल्या ‘गोड क्लोव्हर’च्या चाऱ्यातून कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९४० च्या सुमारास वेगळे केले. त्यावरील संशोधनातून १९४८ साली वॉर्फरिन हे उंदरांचे विष बाजारात आले आणि पुढे तेच हृदयरोग्यांचे औषध झाले. विष व औषध यांतील अंतर मात्रेचे व उपयोगाचे असते, हे आयुर्वेदाला परिचित असलेले तत्त्व येथेही दिसते.

मेक्सिको व मध्य अमेरिका ही या झाडाची जन्मभूमी. कोकोच्या बागांना सावली देणारे म्हणून ते तेथे लावले जाई. स्पॅनिश जहाजांतून ते फिलिपाइन्सला गेले, एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेच्या मळ्यांत सावलीसाठी आले आणि भारतात हिरवळीचे खत म्हणून स्थिरावले. मराठीत त्याला ‘गिरीपुष्प’ हे नाव मिळाले. मूळ नावाच्या ध्वनीशी जुळणारे हे संस्कृत वळणाचे नाव इतके सहज बसले की झाड परके आहे याचा विसर पडला. ‘उंदीरमारी’ हे दुसरे नाव मात्र त्याचा मूळ स्वभाव सांगत राहिले.

या झाडाचे गुण नाकारण्यासारखे नाहीत. फांदी खोचली तरी ते रुजते. ते शेंगवर्गीय असल्याने त्याच्या पानांत नत्राचे प्रमाण चांगले असते. छाटून जमिनीत गाडल्यास पाला लवकर कुजतो. कोरडवाहू शेतकऱ्याला विकतच्या खताचा काही भार त्यामुळे हलका करता येतो. शिवाय पानांना असलेल्या विशिष्ट वासामुळे सवय नसलेली जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. जेथे राखण करणे अवघड, तेथे न चरले जाणारे झाड हे वनीकरणाच्या दृष्टीने आदर्श ठरले. ज्या गुणामुळे ते विषारी म्हणविले जाई, त्याच गुणामुळे त्याची निवड झाली.

१९८२ साली महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले. १९८५ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापिले. ‘पडीक’ जमीन हिरवी करणे हे राष्ट्रीय कार्य ठरले. किती रोपे लावली आणि किती जगली, यांची मोजदाद होऊ लागली. गवताची मोजदाद पूर्वीही नव्हती. आताही झाली नाही.

दोघांची भेट : नान्नज

माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या माळांवरही झाडे लावली गेली आणि त्यांत गिरीपुष्प होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. झाड लावणे म्हणजे निसर्गाचे रक्षण करणे, ही त्या काळाची प्रामाणिक समजूत होती. परंतु झाडे वाढली तशी त्यांच्या सावलीत गवत विरळ झाले, क्षितिज झाकले गेले आणि माळावर दडून बसणाऱ्या शिकारी प्राण्यांना आडोसा मिळाला. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने डॉ. असद रहमानी यांनी १९८० च्या दशकात माळढोकाचा दीर्घ अभ्यास केला. गवताळ प्रदेशात झाडे लावण्याचे धोरण या पक्ष्याला मारक आहे, हा मुद्दा त्यांनी पुढे सातत्याने मांडला. कालांतराने नान्नज येथील गिरीपुष्पाची झाडे काढण्याचे कामही करावे लागले. एकाच माळावर एका पिढीने झाडे लावली आणि पुढील पिढीने ती तोडली. दोन्ही वेळा उद्देश संरक्षणाचाच होता.

माळढोकाच्या ऱ्हासाचा सारा दोष गिरीपुष्पावर टाकणे मात्र इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढला. ज्वारी-करडईची उघडी शेते पक्ष्याला चालत होती. उसाची दाट शेते चालली नाहीत. विजेच्या तारा, रस्ते, मोकाट कुत्री, पूर्वीची शिकार, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ ठरविला. २०१८ च्या सुमारास देशभरात जेमतेम दीडशे माळढोक उरल्याचा अंदाज होता, आणि त्यांतील बहुसंख्य राजस्थानात होते. तेथे जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचा प्रयत्न चालू झाला. नान्नजला आता एखादा पक्षी दिसला तरी ती वर्तमानपत्राची बातमी होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियाचे उदाहरण

पक्षी व झाड यांचा हा संबंध अटळ होता काय, हे तपासण्यासाठी दुसऱ्या एका देशाकडे पाहणे उपयुक्त ठरते. ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात ‘वॉयली’ नावाचा एक लहान शिशुधानी प्राणी आढळतो. शिशुधानी म्हणजे ज्यांची पिले मादीच्या पोटावरील पिशवीत वाढतात ते प्राणी. कांगारू हे त्यांतील सर्वपरिचित उदाहरण. वॉयली हा कांगारूचा सशाएवढा आप्त. त्याच भागात ‘गॅस्ट्रोलोबियम’ गटातील झुडपे वाढतात. त्यांना वाटाण्याच्या फुलासारखी पिवळी-तांबडी सुंदर फुले येतात. तीही गिरीपुष्पाप्रमाणे शेंगवर्गीयच आहेत. मात्र त्यांच्यात फ्लुरोॲसिटेट हे अतिजहाल विष असते.

१८२९ साली तेथे इंग्रजांची वसाहत स्थापन झाली आणि त्यांची मेंढरे, गुरे ही झुडपे खाऊन मरू लागली. १८४० च्या सुमारास वनस्पतिसंग्राहक जेम्स ड्रमंड व इतरांनी या मृत्यूंचे कारण शोधून काढले. पुढे विषझुडपे उपटून काढण्याच्या अटीवर वसाहतवाल्यांना जमिनी देण्यात आल्या. वॉयलीला मात्र त्या विषाची बाधा सहसा होत नसे. हजारो वर्षे त्या झुडपांच्या सहवासात राहिलेल्या तेथील प्राण्यांत ते विष पचविण्याची क्षमता उत्पन्न झाली होती. यूरोपातून आणलेल्या कोल्ह्यात ती नव्हती. कोल्हा खंडभर पसरला तशी वॉयली बहुतेक ठिकाणांहून नाहीशी झाली. १९७० च्या दशकात ती मुख्यतः नैर्ऋत्येच्या मोजक्या जंगलखंडांत उरली होती, आणि त्यांत ही विषझुडपे दाट होती. झुडपांनी तिला आडोसा दिला, शिवाय विषाचा अंश पोटात असलेले भक्ष्य खाऊन कोल्हेही मरत असावेत, असे मत तेथील अभ्यासकांनी मांडले. त्याच विषाचे कारखान्यात बनविलेले रूप मांसाच्या तुकड्यांत घालून कोल्ह्यांचे नियंत्रण करण्याची मोहीम तेथे मोठ्या प्रमाणावर चालविली गेली. वॉयलीची संख्या वाढली आणि तिचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढले गेले. परंतु थोड्याच वर्षांत संख्या पुन्हा वेगाने घसरली आणि नाव परत यादीत घालावे लागले. विषानेही कायमची हमी दिली नाही.

तुलना

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट सहवासाच्या कालावधीची आहे. वॉयली व विषझुडूप यांचा संबंध हजारो वर्षांचा, म्हणून तेथे विष हे प्राण्याचे कवच झाले. माळढोक व गिरीपुष्प यांची गाठ काही दशकांचीच. येथे पक्ष्याला इजा झाली ती विषानेही नव्हे, झाडाच्या केवळ उभे राहण्याने. गिरीपुष्प विषारी नसते तरी त्याची सावली पडलीच असती.

दुसरी गोष्ट शासनाच्या भूमिकेची. पश्चिम ऑस्ट्रेलियात जमीन ‘उपयोगी’ करण्यासाठी विषारी झुडूप उपटले गेले आणि त्याबरोबर दुर्मिळ प्राण्याचा आडोसा गेला. महाराष्ट्रात जमीन ‘उपयोगी’ करण्यासाठी विषारी झाड लावले गेले आणि दुर्मिळ पक्ष्याचे मोकळे अंगण गेले. कृती परस्परविरुद्ध, परिणाम सारखा; कारण दोन्हीकडे जमिनीकडे पाहण्याची दृष्टी एकच होती. जी जमीन उत्पन्न देत नाही ती बदलली पाहिजे, हे दोन्ही दप्तरांचे गृहीतक होते.

तिसरी गोष्ट शब्दांची. ‘विषारी’, ‘दुर्मिळ’, ‘पडीक’ ही तिन्ही विशेषणे आपण वस्तूंचे उपजत गुण असल्याप्रमाणे वापरतो. ऑस्ट्रेलियातील झुडूप मेंढीला विषारी, वॉयलीला नव्हे. माळढोक मॅन्सफील्डच्या काळात दुर्मिळ नव्हता. माळ महसुलाला पडीक होता, मेंढपाळाला नव्हता. या प्रत्येक विशेषणामागे कोणाचा तरी दृष्टिकोन आणि कोणता तरी काळ आहे. तो शोधणे हे इतिहासाचे काम आहे.

समारोप

सिरसाळ्याच्या परिसरात आज माळढोक नाही; परंतु गायरान आहे, बांध आहे आणि गिरीपुष्पही आहे. वृक्षलागवडीचे कार्यक्रम दरवर्षी होतात आणि आपली महाविद्यालये त्यांत उत्साहाने भाग घेतात. प्रस्तुत लेखाचा रोख त्या उत्साहाविरुद्ध नाही. शेताच्या बांधावर गिरीपुष्प शोभते. तेथे ते शेतकऱ्याचे मित्र आहे. माळावर मात्र खड्डा खणण्यापूर्वी तेथे आधी काय वाढत होते, त्यावर कोणाची गुरे जगत होती आणि कोणती पाखरे उतरत होती, हे गावातील वृद्ध मेंढपाळांना विचारले पाहिजे. आपल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या गायरानाचा असा मौखिक इतिहास नोंदविला, गवतांची नावे लिहून ठेवली, तर सातबाऱ्यात नसलेला रकाना काही अंशी भरून निघेल.

माळढोकाच्या बाबतीत हे विचारणे उशिरा झाले. चंडोल, लांडगा, काळवीट आणि मेंढपाळ यांच्या बाबतीत अद्याप वेळ गेलेली नाही.